कृष्णकमळाची वेणी

१२ जुलै १९५९, दिग्रस

शाळेपासून हाकेच्या अंतरावर घर मिळालं! मागच्या अंगणात कृष्णकमळाचा बुंधा आहे, मुळापाशी छाटलेला. आमच्या हिची ही लाडकी वेल. ती असती तर सामान लावायच्या आधी शेणखत मागितलं असतं. चार वर्षांच्या विमलला आईची आठवण राहील, म्हणून मांडव घालतो. भांडी घासायला तांड्यावरची रामीबाई येते. दरसाल वेल तीच छाटते म्हणे. यंदा विळ्याला हात लावायचा नाही, असं तिला ठणकावलं.

२० डिसेंबर

थंडी या वेलीला सोसत नाही. बुंध्याला गोणपाट गुंडाळलं. मांडव गच्च भरलाय. विमल आईसाठी रडायची थांबली, दिवसभर वेलीखालीच खेळते. वेणीही कशी नीटनेटकी! मला काही ती जमत नाही, रामीबाई घालत असावी.

८ फेब्रुवारी १९६०

डोकं फिरलंय. रामीबाई विळा घेऊन वेलीवर धावली. विमलला मागे ओढत "येडी छ, येडी!" म्हणून ओरडत होती. बिनआईच्या पोरीला वेडी म्हणते? तिथल्या तिथे हाकलून दिली.

१६ एप्रिल

विहीर आटली. बारा दिवस वेलीला थेंब नाही, तरी हिरवीगार. विमल मात्र वाळत चाललीय. मनगटावर वेलीच्या तंतूंचे वळ. आणि वेणी— रामीबाई जाऊन दोन महिने झाले. मग घालतं कोण?

१७ एप्रिल

शाळेतले बाबूसिंग मास्तर तांड्यावरचेच. त्यांना विचारलं. 'येडी' नव्हे, 'याडी'. त्यांच्या बोलीत आई. इथल्या आधीच्या भाडेकरणीची लेक देवीच्या साथीत गेली; ती बाई वेलीपाशी उपाशी बसून मेली. घरमालक पुंडलिकरावांची गचांडीच धरली. म्हणतात, "सांगतलं असतं तं घर घेतलं असतं काय तुम्ही?" नालायक माणूस! आणि मी? मी महामूर्ख. गोणपाट गुंडाळून वाढवली तिला.

१८ एप्रिल, सकाळ

दहाच्या मोटारीने हे घर सोडायचं. पोर मांडवाखालून उठेना. वेणी सोडवायला गेलो. तीन पेड. दोन काळे. तिसरा हिरवा—

विळा लावला. किंचाळली विमल.

लिहून ठेवतो. उद्या मलाच कोणी येडा म्हणू नये—

वेल पुन्हा वेणी घालतेय. माझ्या देखत, पेडावर पेड— सोड! याडी असशील तुझ्या पोरीची, ही माझी— विमल, ये इकडे, बाबा—

बघत नाही. वेलीलाच विचारतेय, आई, हा माणूस को—