पप्पाच्या इंजिनाला सुपरचार्जर

पप्पा,

गाडीला शेवटी सुपरचार्जर बसवला. तुला सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे, नाहीतर सांगू कोणाला? माझी मुलगी तर फोनमधून मान वर न करता म्हणते, "मम्मा, जस्ट सेल इट." तिचंही चुकत नाही. हॉस्पिटलने माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. उन्हाळ्यात कतार सोडायचं आहे, आणि इतकी जुनी गाडी वसईला नेता येत नाही. कोणी हौशी भेटला तर घेईल, नाहीतर भंगारात जाईल. तू दरवर्षी म्हणायचास, "उन्हाळा उतरू दे, पुढच्या थंडीत बसवू." आता पुढची थंडी उरलीच नव्हती, म्हणून याच थंडीत हात घातला.

तू ती आणलीस तेव्हा तिचं तोंड चेपलेलं होतं. देश सोडून निघालेल्या कोणा गोऱ्याची अपघातातली स्पोर्ट्स कार, छप्पर उघडणारी, दोन सीटची. आई वसईला, आपण दोघं इथे अल गराफाला त्या व्हिलाच्या मागच्या खोलीत. तू म्हणालास, आपल्याला दोनच सीट लागतात. तेव्हा ते ऐकून मला बरं वाटलं होतं, आता तसं वाटत नाही. दिवसभर कंपनीच्या बसेस दुरुस्त करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा इंजिनातच डोकं घालतो, याला काय म्हणावं? पण एक अख्खी थंडी तू ते इंजिन उघडून बसलास. शुक्रवारी मिस्सा झाली की चांगला शर्ट काढून ठेवायचा आणि वर्कशॉपमध्ये शिरायचं. मी पान्हे पुसून द्यायचे. एकदा मी थंड इंजिनावरच अॅक्सिलरेटर दाबला तेव्हा तू माझ्यावर ओरडलास, "झोपेतून उठवलेल्या माणसाला कोणी लगेच पळवतं का?" घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस, आणि आल्यावर स्वतःच चहा करून दिलास.

आणि एवढं करून गाडी आधीपेक्षा मंद झाली. चर्चच्या पार्किंगमध्ये वसईची सगळी मंडळी जमायची. त्यांना तेवढंच हवं होतं. "काय रे, बैलगाडीला पेट्रोल घालतोस की पेंढा?" तू हसायचास आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणायचास, "थांबा जरा." मलाही वाटायचं की पप्पाचा हात बसलाय बसच्या इंजिनावर, हे नाजूक काम त्याला जमलं नाही.

पण त्या मंद गाडीतच आपली रोझरीची माळ व्हायची. इथे शुक्रवार हाच आपला रविवार, आणि शुक्रवारी दुःखाची पाच रहस्यं, प्रत्येकाला दहा वेळा "नमो मरिया". चर्चचं फाटक सुटलं की तू पहिलं रहस्य सुरू करायचास, अगदी कडेच्या लेनमधून, बाजूने लँड क्रूझर हॉर्न मारत जात असताना. तू अर्धा "नमो मरिया" म्हणायचास, उरलेला अर्धा मी. पाचवं रहस्य, प्रभूचं क्रुसावरचं मरण, संपता संपता आपलं गेट यायचं. इंजिन लगेच बंद करायचं नाही, शेवटची क्रुसाची खूण करेपर्यंत त्याला जरा निवू द्यायचं, ही तुझी रीत. आईच्या दुखण्याची बातमी आल्यावरही हे चुकलं नाही. फक्त तुझा अर्धा भाग हळू झाला, आणि आई गेल्यावर तर मला कान देऊन ऐकावं लागायचं.

इंडस्ट्रियल एरियातला एक लेबनीज ट्यूनर आहे. बोलतो फार, पण काम स्वच्छ. त्याने आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते मोजलं, कारण सुपरचार्जर वरून जादा हवा कोंबतो आणि जीर्ण इंजिन त्याने फुटतं. चारही ठिकाणी कमी आलं. "खलास, मदाम. म्हातारं झालंय. दुसरं इंजिन टाकू." इंजिनच बदललं तर त्या गाडीत तुझं काय राहिलं? मी म्हटलं, आधी उघडून दाखव. नाखुशीने त्याने इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या होत्या. पिस्टन मात्र कारखान्यातले नव्हते, वरून वाटीसारखे खोल होते. तो म्हणाला, असे पिस्टन मुद्दाम घालतात, सुपरचार्जर येणार असेल तेव्हाच. ते हवा कमी दाबतात, म्हणजे पुढे जादा हवा आली तरी इंजिन ठोके मारत नाही. आणि ती हवा येईपर्यंत गाडी अशक्त चालते. "हू डिड दिस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या पप्पाने.

ते पिस्टन आधीच घातलेत, हे एकदा तरी सांगायचंस रे. अर्धं काम करून ठेवलं होतंस, आणि उरलेलं अर्धं करायच्याच थंडीत आई अंथरुणाला खिळली. मग तू वसईच्या खेपा घालत राहिलास, आणि तिच्यामागोमाग तूही गेलास. एवढी वर्षं लोकांचं हसणं झेललंस. मला फार राग आला, पप्पा. कोणाचा ते कळलं नाही.

मग निवड सोपी झाली. ट्यूनर मला पंख्याच्या जातीचा सुपरचार्जर देत होता, जो इंजिन खूप फिरलं की मग जोर देतो. मी दोन रोटरवाला घेतला, जो बेल्टवर फिरतो आणि पाय ठेवल्याबरोबर हवा देतो. तुझे पिस्टन त्याचीच वाट बघत होते असं मला वाटलं. पुली मोठी ठेवली, म्हणजे दाब बेताचा. इथली हवा मुळातच भट्टीतली, ती दाबली की आणखी तापते, म्हणून पुढे कूलर बसवला, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर मोठे घातले. ट्यूनर म्हणत होता, लहान पुली लाव, गाडी उडेल. मी म्हटलं, उडायचं नाही.

गेल्या शुक्रवारी मिस्सेनंतर मुलीला शेजारी बसवून निघाले. पायाखाली गाडीने अशी ओढ घेतली की पोरीने फोन खाली ठेवला. "मम्मा, धिस इज अ डिफरंट कार." खरंच वेगळी होती. रस्त्यावरच्या रडारच्या वेगमर्यादेतच होते, पण कडेच्या लेनमध्ये ती राहीचना. मी मनात रहस्यं सुरू केली होती, दोन्ही अर्धे मीच म्हणत. सुपरचार्जरची शीळ एवढी की तुझ्या इंजिनाचा तो खालचा घोगरा आवाज शोधूनही सापडेना. प्रभू अजून क्रूस वाहतच होता, चौथंच रहस्य चालू होतं, आणि तेच आपलं गेट आलं. मुलीने विचारलं, "आर वी होम?" मी हो म्हटलं आणि इंजिन बंद केलं. निवू दिलं नाही.

काल ट्यूनरला फोन करून विचारलं, बेल्ट काढून ठेवता येईल का. तो हसला. "येईल, मदाम. बाजूच्या बायपास नळीतून जेमतेम श्वास घेईल, पण मग ती गाढवासारखी चालेल." मी म्हटलं, चालेल. विकायच्या आधी एकदा मला पाचही रहस्यं गाडीतच संपवायची आहेत. तू जे आयुष्यभर मनात धरलंस ते मी बसवलं, आणि आठवड्याभरात उतरवायलाही निघाले. हे पत्र तुला पाठवता आलं असतं, तर एवढं मी लिहिलं नसतं.