नऊ किलोच्या स्प्रिंगा

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी भिंगरीला शर्यतीत उतरायला हरकत नाही असा कागद दिला. तिने तो वर्कशॉपमधल्या माझ्या बाकावर, पान्यांच्या मधोमध आणून ठेवला आणि म्हणाली, “गाडीचं सस्पेन्शन तूच लावायचंस, वहिनी.”

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हात पुसत राहिले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

लिहून टाकते, म्हणजे डोकं हलकं होईल. गेल्या मार्चमध्ये शर्यतीत सातव्या वळणावर तिच्या गाडीची मागची पकड सुटली आणि गाडी उलटी फिरून भिंतीवर आदळली. मणक्यात दोन सळ्या, आठ स्क्रू. मागच्या स्प्रिंगा आदल्या दिवशी मी बदलल्या होत्या. सात किलोच्या काढून नऊच्या घातल्या — एक मिलिमीटर दाबायला नऊ किलो वजन लागेल इतक्या कडक. कोणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं, वळणात गाडी चपळ होईल. हट्ट माझा.

शर्यतीच्या क्लबातले सगळे म्हणाले, मागे फार कडक होती. फक्त भिंगरी म्हणाली नाही. दवाखान्यात धड बोलता येत नव्हतं तेव्हासुद्धा नवऱ्याला — म्हणजे तिच्या दादाला — म्हणाली, “गाडी मी चालवत होते. वहिनीला कोणी बोलायचं नाही.”

तीन महिने मी तिला आंघोळ घातली, वेणी घातली. एका शब्दाने, एका नजरेने तिने मला काही जाणवू दिलं नाही. नणंद म्हणून पदरात पडलेल्या माणसाचं मन एवढं मोठं निघावं! हे तिला तोंडावर कधी सांगता आलेलं नाही. इथे सांगते.

५ फेब्रुवारी

भिंगरीला हो म्हणाले.

९ फेब्रुवारी, रविवार

गाडी दुसरी, पण तीच जात. दोन सीट, इंजिन पाठीमागे, त्यामुळे मागे वजन जास्त. आज चारी चाकांखाली काटे ठेवून वजन केलं. चालवणारं माणूस आत बसवून करायचं असतं, नाहीतर आकडे खोटे.

भिंगरीला आत बसायला वेळ लागतो. आधी बूड टेकते, मग उजवा पाय हाताने उचलून आत घेते. पूर्वी उडी मारून बसायची. मी काट्याकडे बघत राहिले. एकसष्ट किलोची पंचावन्न झाली आहे.

“बरं आहे की,” ती म्हणाली. “सहा किलो फुकटात कमी झाले. लोक त्यासाठी गाडीचे दरवाजे कापतात.”

हसले. मग मागे जाऊन जॅक शोधला. समोरच होता.

ठरवलंय — मऊ लावायची. पुढे पाच, मागे सात. तिच्या पाठीला दणका नको.

१२ फेब्रुवारी

स्प्रिंगवाल्या काकांकडे गेले. तार तापवून, गुंडाळून, हाताखालच्या प्रेसवर दाबून आकडा बघितल्याशिवाय ते स्प्रिंग हातात देत नाहीत. सातची मागितली, तर काट्यावर सात पॉइंट दोन आली. बाजूला ठेवून दुसरी काढली. तिसरी आणि चौथी जुळली, ती दिली.

निघताना म्हणाले, अपघातातल्या त्या दोन स्प्रिंगा त्यांनी मोडीतून सोडवून आणून दाबून बघितल्या होत्या. दोन्ही अजूनही नऊच्याच. न वाकता, न बसता. “माझ्या स्प्रिंगेने काही केलं नाही, पोरी. तू पण उगाच जीव जाळू नकोस.”

काका, स्प्रिंगेने नाही केलं. ती तिथे लावणारीने केलं. पण हे त्यांना म्हणवलं नाही. वर्षभर त्या स्प्रिंगा जपून ठेवल्या त्यांनी, मला बरं वाटेल एवढं एक वाक्य बोलता यावं म्हणून. माणसं चांगली भेटली मला.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुन्या धावपट्टीवर पहिली चाचणी. तिच्या टोकाला काँक्रीटचे तीन जोड वर आलेले आहेत — आदळआपट तपासायला सोयीचे.

वाईट दिवस.

वळणात भिंगरीला गाडी आवडेना. म्हणाली, मागचा भाग माझ्यामागून दोन पावलं उशिरा येतो, रुसलेल्या पोरासारखा. ते चाललं असतं. पण मग ती तिन्ही जोडांवरून गेली, आणि परत आली ती ओठ दाबून. इंजिन बंद केलं, उतरली नाही. एक हात कमरेवर.

मी चाक वर घेऊन बघितलं. डॅम्परच्या — स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळीच्या — दांड्यावर मी प्लास्टिकची पट्टी आवळून ठेवते. चाक जितकं वर जाईल तितकी ती सरकते आणि तिथेच राहते. आज ती पार शेवटच्या रबरी ठोकळ्याला चिकटलेली! म्हणजे स्प्रिंग इतकी दबली की चाक सरळ ठोकळ्यावर आपटलं, आणि तो हिसका भिंगरीच्या पाठीत गेला.

मऊ स्प्रिंग तिच्यासाठी नव्हती. माझ्या भीतीसाठी होती. तिच्या पाठीने ती सोसली.

माफी मागितली. ती म्हणाली, “आकडा सापडला ना? झालं तर.”

१७ फेब्रुवारी

नवरा वर्षभर गाडीचं नाव काढत नव्हता. शाळेत भूगोल शिकवतो, घरी येऊन वह्या तपासतो, माझ्या वर्कशॉपच्या दाराकडे बघतसुद्धा नाही. आज जेवताना त्याने विचारलं, पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं.

मी घास हातातच धरून बसले. तो म्हणाला, शाळेतलं स्टॉपवॉच आणतो, तुमच्या फोनपेक्षा बरं चालतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मागे आठ, पुढे साडेपाच. खूप बरी. पट्टी ठोकळ्याच्या सहा मिलिमीटर अलीकडे थांबली. सहा कमीच. शर्यतीत वेग जास्त असणार, तेव्हा हे सहा कुठल्या कुठे जातील.

नवऱ्याने सव्वीस फेऱ्या नोंदल्या, हजेरीपटासारख्या ओळीत. उन्हाने नाक सोलवटलं. एकदाही म्हणाला नाही, पुरे करा. भिंगरी वेगात जायची तेव्हा तो घड्याळाकडे बघत राहायचा, गाडीकडे नाही. मला कळत होतं.

परतताना भिंगरी म्हणाली, “नऊ लाव, वहिनी.”

२६ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही.

१ मार्च, शनिवार

तिने परस्पर काकांना फोन केला. नव्या दोन स्प्रिंगा घेऊन हजर! नऊच्या. मी तापले. नको ते बोलले — तुला मरायचंय का, असलंही बोलले.

ती स्टुलावर बसली, तिच्या पाठीला उभं राहणं फार वेळ जमत नाही. शांतपणे म्हणाली, “गेल्या वर्षी तू बरोबर होतीस. मला माहीत आहे.”

कसं माहीत, ते विचारलं. म्हणाली, चालवणाऱ्याला कळतं. आणि स्प्रिंगा माझ्याकडे सरकवल्या.

अजून किती सांभाळून घेणार आहे ही मला!

२ मार्च, रविवार

नऊ लावल्या. पुढे सहा.

डॅम्परच्या घुंडीला वीस क्लिक असतात. घुंडी पूर्ण बंद करायची आणि तिथून मागे मोजत यायचं. जितकी बंदच्या जवळ, तितकं दबलेलं चाक सावकाश परत खाली येतं. माझ्या वहीत गेल्या वर्षीच्या पानावर मागच्या चाकांचा आकडा लिहिलाय — दहा. म्हणून तेच दहा लावले. म्हटलं, जे झालं ते समोरासमोर बघू.

शेजारच्या सीटवर मी बसले. अपघातानंतर पहिल्यांदा. तिने हळू सुरुवात केली, मग वाढवत नेलं. तीन जोड आले — टक, टक, टक — आणि गाडी जशी होती तशी! मागचं प्रत्येक चाक वर गेलं, लगेच खाली आलं, जमिनीला धरून राहिलं. सीटखालून कळत होतं. वळणात मागचा भाग तिच्याबरोबर फिरला. पट्टी चौदा मिलिमीटर अलीकडे. तिची पाठ काय म्हणते विचारलं तर म्हणाली, “पाठ? विसरलेच.”

उतरून मी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. शाळेचं घड्याळ चालूच राहिलं.

पण आता लिहिताना सुचतंय. तीच स्प्रिंग, तेच दहा क्लिक. मग त्या दिवशी काय झालं?

९ मार्च, रविवार

डोक्यातून जाईना, म्हणून क्लिक बदलून बघितले. बारावर थोडी डुलते. दहावर उत्तम. आठवर चालेल, जरा आखडलेली. सहा लावायला गेले तर भिंगरी म्हणाली, “सहावर नको. मी नाही बसणार.”

इतकं ठाम नाही ती आजवर कधी कशाला म्हणाली नव्हती. मला वाटलं, दमली. मग मीच घेऊन गेले, तिच्या निम्म्या वेगाने.

पहिला जोड — ठीक. दुसरा — चाक अजून खाली आलेलंच नव्हतं, त्याच्या आत पुढचा दणका. तिसऱ्याला मागची दोन्ही चाकं अधांतरी, आणि गाडीचं बूड हातभर बाजूला सरकलं. निम्म्या वेगात!

सातव्या वळणावर अशाच तीन उंचवट्यांनंतर गाडी सुटली होती. बघणाऱ्यांनी अगदी हेच सांगितलं होतं — एक, दोन आणि तिसऱ्याला गेली.

गाडी थांबवून बघितलं, तर भिंगरी धावपट्टीवर खाली बसली होती. तिचा दादा तिला पाणी देत होता.

१० मार्च

स्प्रिंग नाही. क्लिक. वहीत दहा लिहिले आणि लावताना चुकले. दुसरं काय असणार? मोजणारी मीच होते. त्या सकाळी घाई होती, क्लबातली माणसं येऊन बोलत होती. दोन्ही बाजूंना सारखीच चूक कशी होईल, हे पुन्हा पुन्हा मनात येतं. पण झाली असेल. मागच्या दोन्ही डॅम्परचा चुराडा झाला होता, घुंड्या उरल्याच नाहीत, खरं-खोटं करायला काही नाही.

आज बाकावर सुटा डॅम्पर घेऊन क्लिक मोजत बसले. चाळीस वेळा मोजले. चाळीस वेळा बरोबर.

१२ मार्च

सांगून टाकलं. आधी नवऱ्याला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, तू चुकली असलीस तरी माझी बहीण तुझ्याच हातांनी उभी राहिली, मला तेवढं पुरे. रडू आवरलं नाही. असा नवरा मिळायला मी काय केलं होतं, कोण जाणे.

मग भिंगरीला. वर्कशॉपमध्ये, चहा घेताना. म्हटलं, माझ्या मोजण्यातल्या चुकीने तुझी पाठ गेली, आणि तू वर्षभर एक शब्द काढला नाहीस, उलट लोकांची तोंडं बंद केलीस. तुझे उपकार फेडायचे कसे मला कळत नाही. वर्षभराचं साठलेलं सगळं बोलले.

ती चहा तसाच ठेवून निघून गेली.

अवघडली असेल. कौतुक तिला कधी सोसतच नाही.

१६ मार्च, रविवार

शर्यत झाली. ती घरी आहे. दोन्ही पायांवर आहे.

सकाळी गाडी रांगेत लावण्याआधी तिने मला बोलावलं. म्हणाली, घुंड्या पुन्हा मोज, माझ्यासमोर. मी मोजल्या. दहा, दहा. मग म्हणाली, आता वर चिकटपट्टी लाव, माझाही हात पोचणार नाही अशी. लावली.

सातव्या वळणावर मी आणि नवरा कुंपणाशी उभे होतो. अकरा फेऱ्या, अकरा वेळा त्याने माझं मनगट आवळलं. वळ उठलेत, अजून आहेत. एक, दोन, तीन — आणि ती सरळ पुढे! पाचवी आली. हेल्मेट काढल्यावर घामाने केस चिकटलेले, आणि तोंडभर हसू. स्प्रिंगवाले काका पहिल्यांदाच शर्यत बघायला आले होते. ती उतरल्यावर ते आधी गाडीखाली वाकले.

आज कोणाकोणाचे आभार मानू? काकांचे, डॉक्टरांचे, नवऱ्याच्या त्या उन्हाने सोललेल्या नाकाचे. आणि तिचे. सगळ्यात आधी तिचे.

१७ मार्च, सोमवार

भिंगरी सकाळीच आली. स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, “तू दहाच लावले होतेस. त्या सकाळी सरावात मला मागे गाडी उसळते असं वाटलं. तुला न विचारता दोन्ही घुंड्या मी आवळल्या. दादा ओरडेल म्हणून तेव्हा बोलले नाही. मग सगळे स्प्रिंगेला बोलायला लागले, आणि मी बोलू दिलं.”

मी तिच्याकडे स्टूल सरकवलं.

मग मी विचारलं, किती क्लिक आवळलेस. म्हणाली, चार.

मी म्हटलं, “चार फार झाले गं. दोन चालले असते.”