तळ्याचा उलटा फेरा

तीर्थरूप तोकुजीमामांना हिकोनेहून रिकियाचा अगदी वाकून नमस्कार. (बसल्या जागी खरंच वाकलो. वरच्या कोपऱ्यात शाईचा डाग दिसतोय तो त्याचाच.)

पत्राची सुरुवात ऋतूपासून करावी असं मामी सांगते, म्हणून आधी ऋतू. इकडे खाचरांत पाणी भरून लावणी झाली आहे आणि बेडूक भर दुपारीसुद्धा तोंड मिटत नाहीत. तुमच्याकडे योकोतेला डोंगरावरचा बर्फ उतरला असेल. हिवाळ्यापुरत्या दुकानात ठेवलेल्या सायकली लोकांनी नेल्या का? मुख्याध्यापकांची निळी सायकल अजून तिथेच असेल तर तिची ब्रेकची तार बदलायची राहिली आहे. ती मीच बदलणार होतो, मग ते राहिलं. तुमची कंबर कशी आहे? मामीचे गुडघे? मांजर अजून ग्रीसच्या डब्यावरच झोपतं का? मी ठणठणीत आहे. डाव्या कोपराची साल गेली आहे, पण ती का गेली हे पुढे येईलच आणि त्यात लाजण्यासारखं फारसं काही नाही.

मामा, गेल्या महिन्यात मी फोन केला तेव्हा नेहमीसारखा मामीने उचलला आणि तुम्ही मागून नेहमीसारखे खोकलात. मामी म्हणाली, ऑगस्टमध्ये पितरांचा सण झाला की तुम्ही दुकानाचं शटर कायमचं ओढणार आणि सगळी हत्यारं ओमागारीच्या व्यापाऱ्याला देऊन टाकणार. मी म्हटलं, मामा, थोडं थांबा ना. त्यावर तुम्ही मागून जे बोललात ते मामीने फोनवर हात ठेवूनसुद्धा मला ऐकू आलं. "ज्याने आजवर पुढ्यातली भाताची वाटी पुरती संपवली नाही, त्याच्यासाठी मी दुकान राखून ठेवू? त्याला म्हणावं, आधी एक गोष्ट, कुठलीही एक, शेवटापर्यंत ने." तुमचं चुकलं नाही. शाळा अर्धी, नूडल्सचं दुकान तीन आठवडे, मासेमारीची बोट एक फेरी (आणि त्यातही परतीला बसने आलो), आणि तुमच्याकडे आठ महिने. तिथून तर तुमचीच माल पोचवायची सायकल घेऊन, न सांगता पळालो. पण मामा, हे पत्र मी खुर्चीवर ताठ बसून लिहितोय, कारण एक गोष्ट शेवटापर्यंत नेली आहे. बिवा तळ्याला सायकलने फेरा घातला. अख्खा. दोनशे किलोमीटर, चार दिवस, तुमच्याच सायकलवर.

सुट्ट्यांच्या आठवड्यात मी इथल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात राबलो होतो, त्याबदली ओनिशी फोरमनने चार दिवस दिले. देताना म्हणाला, "जा बाबा. तुझे व्हॉल्व्ह आम्ही सत्तावीस जण वाटून करू." हे सत्तावीस लक्षात ठेवा. इतक्या माणसांनी आपलं काम अंगावर घेतल्यावर परत येताना प्रत्येकासाठी काहीतरी खायला आणलं नाही, तर जेवणाच्या घरात मान वर करायची सोय राहत नाही.

आता तळ्याला फेरा घालायची इकडची रीत अशी की तळं डाव्या हाताला ठेवायचं. रस्त्याची डावी बाजू आपली, म्हणजे पाणी लगतच राहतं आणि सगळे एकाच दिशेने जातात. मी उलटा निघालो. का, ते विचारू नका. गेटवर आलो तर सगळे डावीकडून उजवीकडे चाललेले दिसले आणि हँडल आपोआप वळलं. (तुम्ही म्हणताच की हा जन्मलासुद्धा पायाकडून.)

पहिल्या दिवशी दुपारी ओमिहाचिमानला पोचलो. तिथे एका दुकानात फक्त बाटलीत पाणी भरून घ्यायला शिरलो, तर दुकानवाल्या आजींनी बसवलं, चहा दिला, चाखायला कोन्याकूची फोड दिली. आपल्याकडे ती कंदाची वडी राखाडी असते, इकडे विटेसारखी लालभडक. चहाचा दुसरा पेला झाल्यावर रिकाम्या हाताने कोण उठेल? आजी म्हणाल्या, "कामावरच्यांसाठी नेत असशील ना बाळ, किती माणसं?" मी खरं सांगून बसलो. वडी पाण्यातच राहावी लागते, म्हणजे प्रत्येक पाकिटात वडी आणि पाणी. सत्तावीस पाकिटं कॅरियरवर बांधली तेव्हा पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मागच्या चाकाने असा आवाज काढला, की तो तुम्ही ऐकला असतात तर माझ्या डोक्यात पाना घातला असतात. (कुरियरने पुढे पाठवायचं सुचलं नाही असं नाही. पण पहिल्याच दिवशी भेटी कारखान्यात पोचल्या असत्या, तर सगळे म्हणाले असते, बघा, सोडला फेरा अर्ध्यात.)

पुढे तळ्याची कंबर लागते. तिथे आडवा पूल आहे आणि तो ओलांडला की खालचा सगळा भाग वाचतो. बरेच लोक तसंच करतात आणि फेरा पूर्ण झाला म्हणून सांगतात. मी त्या पुलाकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. सरळ खाली ओत्सूपर्यंत गेलो आणि पडल्या पडल्या घोरलो.

दुसऱ्या दिवशी उलट जाण्याचा अर्थ कळला. सगळे एका दिशेने आणि मी समोरून, म्हणजे तळ्याभोवती फिरणारा प्रत्येक माणूस मला भेटणारच. आणि भेटला की मान झुकवणार, "सांभाळून हं!" म्हणणार. मग मीही झुकवणार. सकाळपासून दोनशे वेळा तरी मान झुकवली असेल. काताताच्या पुढे पिवळ्या जाकिटांतल्या अकरा म्हाताऱ्यांची रांग आली. एकामागे एक, प्रत्येक जण साठीच्या पुढचा, म्हणजे नुसती मान हलवून चालणार नाही, कंबरेतून वाकायला हवं. सहा जणांपर्यंत जमलं. सातव्याला मी वाकलो तो वर आलोच नाही. सायकल, मी आणि सत्तावीस वड्या डावीकडच्या खाचरात.

सगळे म्हातारे रस्ता ओलांडून आले आणि माफी मागायला लागले. मी चिखलातून माफी मागायला लागलो. मग ज्याचं खाचर होतं तो शेतकरी आला, त्यानेही आपलं खाचर इथे असल्याबद्दल माफी मागितली. हे बराच वेळ चाललं. अखेर त्या म्हाताऱ्यांच्या पुढाऱ्याने, मोरिवाकी त्यांचं नाव, निवृत्त स्टेशनमास्तर, माझं मागचं चाक फिरवून पाहिलं. दोन स्पोक तुटलेले आणि रिम अशी आउट, की चाक डुलत डुलत चालत होतं.

"एवढं ओझं कसलं?"

"भेटी आहेत, काका."

"फेऱ्याचा कितवा दिवस?"

"दुसरा."

"भेटी शेवटच्या दिवशी घेतात रे, गाढवा!" असं म्हणून ते इतके हसले की त्यांचं कानातलं ऐकायचं यंत्र खाचरात पडलं आणि शेतकऱ्यासकट आम्ही तेरा जण ते शोधत बसलो. मग जाताना म्हणाले, "पुढच्या गावात स्टेशन आहे. गाडीत बस आणि घरी जा. कुणी काही म्हणणार नाही."

मामा, कुणी काही म्हणणार नाही, हे खरंच होतं. आजवर मी जे जे सोडलं, ते सोडताना कुणी काही म्हटलं नाही. सगळ्यांना वाटतच होतं की सोडेल. मी सायकल हाताने धरून स्टेशनकडे निघालो. कॅरियरवरचा चिखल दिसतोय म्हणून तो पुसायला लागलो, तर खालच्या बाजूला चिकटपट्टी लागली. पट्टीखाली चार नवे स्पोक, स्पोकची चावी आणि तुमच्या अक्षरात एक शब्द. "मागचे." दीड वर्ष मी ही सायकल चालवतोय आणि ते तिथेच होते.

मग बसलो रस्त्याच्या कडेला. सायकल उलटी केली. एकेक स्पोक बोटाने छेडायचा, कान लावायचा, चावी पाव फेरा. तुम्ही चॉपस्टिक टेबलावर आपटायचात ना, सूर चुकला की? तसा आवाज मला बेडकांमधूनही येत होता. तीन तास लागले. (तुम्हाला वीस मिनिटं लागली असती, माहीत आहे.) पण चाक फिरवलं आणि रिमशेजारी नख धरलं, तर नखाला ती कुठेही लागेना. एवढं सरळ चाक मी तुमच्या दुकानात आठ महिन्यांत एकदाही केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वरच्या टोकाला, काइझूच्या कातळांपाशी, पाऊस आणि माकडं. एका माकडाने एक पाकीट पळवलं, फोडलं, वडी चावली, माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच त्याला फसवलं, आणि ती परत फेकली. मी धुऊन पुन्हा बांधली. सत्तावीस म्हणजे सत्तावीस.

चौथ्या दिवशी सकाळी नागाहामाच्या अलीकडे पाहतो तो समोर पुन्हा पिवळी जाकिटं. दोघे उलट्या दिशांनी गोल फिरले तर परत भेटणारच, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण या वेळी म्हातारे झाडाखाली बसले होते आणि मोरिवाकीकाका सगळ्यांपासून लांब, पाण्याकडे तोंड करून. त्यांची ती महागाची सायकल दगडी कडेवर आदळली होती. तुटलं काही नव्हतं, पण चाक ब्रेकला घासून फिरेनाच. सुनेला गाडी घेऊन बोलावलं होतं. बारा किलोमीटर उरले होते, मामा. बाराच!

मी म्हटलं, "काका, बघू?"

एक म्हातारा म्हणाला, "अरे, हा तर खाचरातला!"

चाळीस मिनिटं. अकरा म्हातारे गोल करून उभे, कुणी श्वास घेईना. शेवटी चाक फिरवलं तर ते फिरतच राहिलं, आवाजच नाही. काकांनी सुनेला फोन करून सांगितलं, "घरीच थांब. मी चालवत येतोय." मग माझ्याकडे वळले. "कुणाच्या हाताखाली शिकलास?"

"योकोतेच्या तोकुजीमामांच्या."

"किती वर्षं?"

"आठ महिने."

"आणि मग?"

मी चावी पुसली, खिशात ठेवली आणि म्हटलं, "सध्या सुट्टीवर आहे."

त्या दिवशी संध्याकाळी उजेड असतानाच मी कारखान्याच्या गेटला हात लावला, जिथून निघालो त्याच खांबाला. ओनिशी फोरमन तिथे सिगारेट ओढत होता. त्याच्या तोंडातून ती खाली पडली. "तू परत कशाला आलास?" म्हणाला. मी पळालो असं सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. कारखान्याच्या वसतिगृहातलं माझं कपाट एकाला, उशी दुसऱ्याला आणि चपला तिसऱ्याला देऊन झाल्या होत्या. मी कॅरियरची दोरी सोडली आणि सत्तावीस पाकिटं टेबलावर मांडली. सगळ्यांनी मोजली. मग एकेकाने उशी, चपला, कपाटाची किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली, आणि शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माकडाची वडी कुणाच्या वाट्याला गेली ते विचारू नका. (ओनिशी फोरमनला फार आवडली.)

तर असं झालं. मामीला नमस्कार, मांजराच्या डोक्यावरून हात फिरवा, कंबर जपा, जड सायकली एकट्याने टांगू नका.

तुमचा भाचा,
रिकिया

ता. क. : पुलाबद्दल लिहिलं ते जरा बदलून वाचा. मान वळवली होती. खरं तर पूल ओलांडलाच होता. पलीकडे जाऊन नूडल्स मागवल्या आणि अर्धा वाडगा झाल्यावर शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा खोकला, अगदी तुमच्यासारखा, फोनच्या मागून खोकता तसा. उरलेला वाडगा तळापर्यंत संपवला, रस्सासुद्धा प्यायलो, पूल उलटा ओलांडून परत आलो आणि खालून फिरून गेलो. म्हणजे माझा फेरा इतरांपेक्षा पावणेतीन किलोमीटरने जास्तच आहे.

ता. क. २ : आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. दुकान पितरांच्या सणाला बंद करू नका. सप्टेंबर संपेपर्यंत थांबा. उद्याच निघून आलो असतो, मामी तसं म्हणेलही, पण इथला माझा करार तीस सप्टेंबरला संपतो. तो मी संपवून येणार. अर्ध्यात सोडून आलो तर तुम्ही मला उंबऱ्यातूनच हाकलाल आणि ते बरोबरच होईल. एक तारखेला सकाळी शटर वर करायला हजर असेन. तुमची सायकलही परत आणतो. "मागचे" चारपैकी दोन उरलेत, ते जागच्या जागी चिकटवलेत.

ता. क. ३ : मी पळालो त्या दिवशी एक चाक अर्धवट आउट काढून स्टँडच्या वरच्या खिळ्याला अडकवलं होतं. मामी सांगते, तुम्ही ते अजून काढलेलं नाही, पूर्ण केलेलंही नाही. हत्यारं बघायला तो ओमागारीचा व्यापारी आला तर त्याला त्या चाकाला हात लावू देऊ नका. तुम्हीही लावू नका. ते माझं आहे.