वीणेचा पहारा

मंगळवार, दिवेलागणी

डोकं लई तापलंय. पुढच्या आठवड्यात गावचा सप्ताह हाय, आज देवळात त्याच्या पत्रिका वाटल्या. सगळी पत्रिका पुढाऱ्यांच्या फोटोंनी भरलेली. सगळे हात जोडून हसतायत. खाली दरवर्षी वीणेच्या पहाऱ्याची यादी असते, कोण किती वाजता वीणा घेऊन उभा राहणार त्याची. यंदा ती न्हाईच!

सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते, हे आता गावाला मी सांगायचं का? पहाटे चारचा पहारा माझा. आधी बापाचा होता. थंडीत तासभर उभं राहायचं, मग मेंढरं सोडायची.

सरपंचाला विचारलं, यादी का काढून टाकली? म्हणला, "तात्या, जागाच पुरली न्हाई. वीणा काय, धरील कुणी बी."

कुणी बी? घरी येऊन पुन्हा पत्रिका बघितली. नाव असो नसो, मी चारला जाणारच. पण पाचला वीणा कुणाच्या हातात देऊ? फोटोतल्या एकाचा बी हात मोकळा न्हाई.