किल्ल्याच्या बदल्यात

प्रिय बेत्तो,

हे पत्र लोहाराच्या बायकोच्या, तेद्दाच्या हाती देतेय. तिचा नवरा तुझ्याच तुरुंगात आहे. वाचून झालं की फाडून टाक.

उद्या पंचवीस मार्च, पिसात नवं वर्ष लागेल. या सरत्या वर्षाने काय काय दाखवलं रे! जुलैत तुम्ही जेनोवावाल्यांना हिणवायला त्यांच्या बंदरावर चांदीच्या टोकांचे बाण मारून आलात, तेव्हा अख्खं गाव नदीकाठी नाचत होतं. ऑगस्टात आरमाराला आशीर्वाद देताना आर्चबिशपच्या काठीवरचा क्रूस पाण्यात पडला. तर तू गलबतावरून ओरडलास, "आई, वारा आपल्या बाजूने आहे, क्रूस नसला तरी चालेल!" त्यात सान सिस्तोचा सण. त्या दिवशी आपण कधी हरत नाही, म्हणून तोच दिवस धरून बसलात. मूर्ख कुठले! लढाई हरलात, तुझे बाबा मेलोरियाच्या खडकांपाशी बुडाले आणि तू जेनोवाच्या कैदेत गेलास.

आता कातडी कमावायच्या कुंडांवर सगळ्या बायकाच. मिंगार्दाच्या हातांची सालं निघालीत. तुझी बायको म्हणून सांगत नाही, पण पोरगी गुणाची. पाव बांधून घेऊन दोनदा जेनोवापर्यंत चालत जाऊन आली. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होते. पहारेकरी हसत म्हणाला, "म्हातारे, यांना आम्ही मारणारही नाही, सोडणारही नाही. मेले तर तुमच्या सुना दुसरी लग्नं करतील, पोरं होतील, ती उद्या आमच्यावर चालून येतील." मिंगार्दाने ते ऐकलं. परवा शेजारणीचं बाळ मांडीवर घेऊन बसली, ते परत देईचना. शेवटी मीच ओढून घेतलं.

हिवाळ्यात जेनोवाचा निरोप आला, सार्डिनियातला तुमचा किल्ला द्या आणि कैदी घेऊन जा. मी तुझा अंगरखासुद्धा धुऊन ठेवला. आणि तुम्ही कैद्यांनीच कळवलंत, किल्ला देऊ नका, आम्ही इथं मरू. सगळ्यांत आधी हात तू वर केलास म्हणे. गावाने वाहवा केली. मी चुलीपुढे बसून तुला शिव्या घातल्या. स्वतःचा जीव टाकलास, तो तुझा होता. पण त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा कुणाला विचारून टाकलास?

म्हणून हे लिहितेय. उद्या मी चर्चमध्ये पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगणार आहे, की माझा मुलगा तुरुंगात तापाने गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. दुसरी साक्ष तेद्दा देईल आणि मग तिकडे निघेल. मिंगार्दाला यातलं काही ठाऊक नाही. कळलं तर ती म्हातारी होईपर्यंत तुझी वाट बघेल. दोरखंडवाला पुच्चो तिला मागणी घालायला तयार आहे, माणूस बरा आहे. हे पाप माझ्या माथी. तू फक्त कुणाबरोबर निरोप पाठवू नकोस. आणि मनाची खात्री करायला ती तिथं आलीच, गजांपाशी उभी राहून तुला हाका मारू लागली, तर ओ देऊ नकोस, बाळा.

तुझीच,
आई