ऐकण्याचं ठिकाण : परळी

रवि., ३ ऑगस्ट

हंगेरीवाला तिसऱ्यांदा ऐकला. दु. २.१० ते ३.१२. बासष्ट मिनिटांत अख्खी सिंफनी उरकली गड्यानं, जशी काय पॅसेंजर सुटत होती. पहिला भाग चांगला, चेलो स्वच्छ. दुसरा, संथ भाग मात्र नुसता पळवलाय. मयताला आलेली माणसंसुद्धा एवढी घाई करत नाहीत.

स्वयंपाकघरातून मंदा, "परत तेच लावलं? मागच्या आठवड्यात बी हेच होतं की."

तेच नाही म्हणालो, वाजवणारे वेगळे आहेत.

"मला तर एकच वाटतंय. एकाच माणसाला तीन सदरे."

हसलो, पण टोचलं. बायकोलाच पटवता येत नाही, पुण्याच्या संगीत मंडळाला लेखातून काय पटवणार.

एकाच सिंफनीची तीन नवी रेकॉर्डिंग्ज. हंगेरीवाला, बाई आणि म्हातारा, असे वाद्यवृंद चालवणारे तिघे. वहीत त्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव दिसलं की कान आधीच झुकतो.

सोम., ४ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. देवळाच्या बाजूनं सकाळपासून भोंगे. आज ऐकायचं नाही.

पुण्याहून लिमयेबाईंचा फोन. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांच्या मंडळाच्या अंकाच्या संपादक. तीन वर्षं माझी पत्रं वाचकांच्या पानावर कापूनकुपून छापतात. या वेळी पहिल्यांदाच पानभर लेख, नावासकट. तिन्ही रेकॉर्डिंग्ज ताडून पहिला नंबर कुणाचा ते सांगायचं. बाई बोलत होत्या आणि मागून कुणीतरी हसत म्हणालं, "परळीत राखेतून काय ऐकू येतं म्हणे?" मला स्पष्ट ऐकू आलं.

मग बाईंनीही तेच विचारलं, जरा साखर घालून. "वैजनाथराव, तुमच्या घराजवळ प्लांटचा आवाज असतो ना हो? एवढं बारीक ऐकायचं म्हणजे..."

म्हणालो, बत्तीस वर्षं औष्णिक केंद्रात टर्बाइनवर काढली. चालत्या मशिनमधलं एक बेअरिंग कुरकुरायला लागलं तर स्क्रीनच्या आधी मला कळायचं. प्लांटचा आवाज मी कानातून वजा करतो.

"वजा करता?"

"हो. वजा."

हेडफोन लावा म्हणाल्या. नाही लावणार. बत्तीस वर्षं कानांवर आवाज अडवणारे मफ चढवून फिरलो, आता कानांवर काहीही चढवायचं नाही. ठणकावून सांगितलं. बरं वाटलं.

बुध., ६ ऑगस्ट

बाई. सकाळी एकदा, दुपारी एकदा. आधी स्पीकरच्या जाळीवरची राख पुसली, रोजचंच.

घाई नाही, रेंगाळणं नाही. संथ भागात खालच्या सुरातली तंतुवाद्यं अशी धरलीत की छातीत लागतात. पण शेवटच्या भागात सगळी पितळी वाद्यं चढत चढत जातात आणि एकदम थांबतात, दोन-तीन सेकंद काहीच नाही, तिथं बाई कमी पडली. ती शांतता जरा गढूळ वाटली. हंगेरीवाल्याचीही तशीच होती. बाईचा एक गुण कापला.

गुरु., ७ ऑगस्ट

विजेची मागणी कमी, म्हणून प्लांटचा उरलेला वीजसंचही आज बंद केला. तिन्ही बंद. चिमणीला धूर नाही. मंदानं गच्चीवर पांढरे कपडे वाळत घातले, किती दिवसांनी.

शुक्र., ८ ऑगस्ट

म्हातारा. दु. २ ते ३.०८.

काय लिहू. पहिल्या सुराच्या आधी कुणीतरी श्वास घेतला तो ऐकू आला. संथ भागात वादकानं पान उलटलं, तेही. आणि शेवटच्या भागातला तो थांबा! आवाज तुटतो आणि मग त्या हॉलच्या भिंती ऐकू येतात. डोळ्यांत पाणी आलं. एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, लुंगीवर.

पंचवीस वर्षांपूर्वी हैदराबादला कोठी बाजाराच्या फुटपाथवर याच सिंफनीची कॅसेट घेतली होती, कव्हरवर डोंगर बरा दिसला म्हणून. तेव्हापासून ऐकतोय, पण या थांब्यात एवढं काही आहे हे आज कळलं. म्हातारा पहिला. प्रश्नच नाही.

रवि., १० ऑगस्ट

लेख लिहिला. सात पानं, कापून चार. म्हाताऱ्याच्या शांततेवर अख्खं दीड पान. "इतर दोघांना शांतता वाजवता येत नाही" असं ठोकून दिलं. पाठवला. आता हसा म्हणावं राखेवर.

मंगळ., १२ ऑगस्ट

लि.बाईंचं उत्तर. "अप्रतिम! शांततेबद्दल इतकं नेमकं आमच्यातही कुणी लिहिलं नसतं." हे "आमच्यातही" मी दोनदा वाचलं. तरी खूश झालो, खोटं कशाला बोलू. मंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आता त्या बाकीच्या दोघांला सुट्टी द्या."

दुपारपासून प्लांट परत लागतोय. संध्याकाळी धूर दिसला. कपडे आत घेतले.

गुरु., १४ ऑगस्ट

सलीम आला. माझ्याच बॅचचा, तो बॉयलरला होता. लेख छापून येणार म्हणून पेढे घेऊन आला. म्हणालो बस, म्हातारा ऐकवतो. बसला बिचारा. संथ भागात झांज वाजली, अख्ख्या सिंफनीत एकदाच वाजते, तर दचकला.

"एवढा मोठा बँड, अन् झांज एकदाच? बाकी टायमाला त्यो झांजवाला काय करतो बे?"

"बसतो."

"म्हंजी स्टँडबाय पंपच की."

हसून घेतलं. म्हणालो, आता गप, पान उलटल्याचा आवाज येईल बघ, मागच्या शुक्रवारी आला होता.

आला नाही. मागे घेऊन परत लावलं. नाही. आवाज वाढवला. नाही. तारा काढून पुसून लावल्या. नाहीच. शेवटच्या भागातला थांबा लावला, तिथंही भिंतीबिंती काही नाहीत. गढूळ. बाईची होती तशीच.

स्पीकर गेला म्हणालो.

सलीम म्हणाला, "अबे वैजू, स्पीकरला काय होतंय? प्लांट लागलाय की. मागच्या शुक्रवारी तिन्ही संच बंद होते, तवा आलं असंल तुला ऐकू."

"मी प्लांट वजा करतो."

"काय वजा करतो बे? तुला त्यो ऐकूच येत न्हाई. मला बी येत न्हाई. माझी पोरगी पुण्याहून आली की पयल्या दिवशी डोकं धरून बसती. म्हंती, अब्बा, हे काय घुमायलंय? आपल्याला कुठं ठावं, काय घुमायलंय ते!"

दोन कप चहा पिऊन गेला. पेढ्याचा पुडा तसाच पडून आहे.

शुक्र., १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो नाही. मंदाला पाय दुखतोय सांगितलं.

लाज वाटते. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी काय शिकवायचो? रीडिंग घेताना शेजारी लोड लिहा, म्हणजे मशिन किती भारावर चालतंय ते. एका लोडवरचं रीडिंग दुसऱ्या लोडवरच्या रीडिंगशी ताडायचं नाही, मशिनवर अन्याय होतो. एका पोराला यावरून सगळ्यांसमोर झापलं होतं. आणि मी? दोघांना प्लांट चालू असताना ऐकलं, तिसऱ्याला बंद असताना, आणि नंबर देऊन मोकळा झालो. तिन्ही संच बंद हे या वहीत माझ्याच हातानं लिहिलंय, गुरुवारच्या पानावर. कपडे वाळत घातल्याचंसुद्धा लिहिलंय. पण दोन आणि दोन चार झाले नाहीत, कारण मी "वजा करणारा".

ती बाई काही वाईट थांबली नव्हती. तिच्या थांब्यात आमचा प्लांट होता.

११ वा. लि.बाईंना फोन. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, पण निष्कर्ष कदाचित तोच येईल. अंक लावून झालाय, बावीसला संध्याकाळी छपाईला जातो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"वैजनाथराव, स्पष्ट बोलते. मंडळात आधीच काही जण म्हणतात की तिकडून काय ऐकणार. मी तुमच्यासाठी भांडले. तुम्ही स्वतःच हे छापून कबूल केलंत, तर पुन्हा लेख देणं मला अवघड जाईल."

खरं बोलल्या. लि.बाई वाईट नाहीत. फोन ठेवल्यावर संताप आला तो माझाच मला.

शनि., १६ ऑगस्ट

गप्प बसायचं असं सकाळी ठरवलं. एक लेख, एक चूक, जगबुडी थोडीच होणार आहे? दुपारपर्यंत टिकलं.

मग बाईचं रेकॉर्डिंग लावलं. प्लांट चालू. पहिल्यांदाच मुद्दाम प्लांट ऐकायचा प्रयत्न केला. अर्धा तास गेला तेव्हा सापडला. खाली, सगळ्याच्या तळाशी, जाड. बत्तीस वर्षं आणि वर निवृत्तीची तीन, एवढ्या दिवसांत मी तो घरात ऐकलाच नव्हता. सापडल्यावर सुटेना. जेवताना ऐकू येत होता. मंदाला विचारलं, तुला येतो का?

"लग्न करून आले तवा यायचा. मग पोरं झाली."

रवि., १७ ऑगस्ट

तिन्ही ओळीनं. प्लांट चालू, खिडक्या उघड्या, आवाजाचं बटण एकाच खुणेवर. हे रीडिंग.

हंगेरी: होता तसाच. पळतो.

म्हातारा: सुंदरच. पण इथं त्याचं निम्मं कानापर्यंत पोचतच नाही. त्याला निखळ शांतता लागते, ती परळीत नाही.

बाई: उभी राहते. तिची खालच्या सुरातली तंतुवाद्यं प्लांटच्या वर पाय रोवून उभी राहतात. थांब्यात ती काही हॉल ऐकवायला जात नाही, नुसती रोखून धरते, आणि प्लांट असला तरी ते रोखणं कळतं. संथ भाग संपला तेव्हा मंदा दारात उभी होती, हाताला पोळीची कणीक. "हे त्यातलं बरं हाय," म्हणाली. तिला काहीही सांगितलेलं नव्हतं.

सोम., १८ ऑगस्ट

शेवटचा श्रावणी सोमवार, भोंगे. भोंग्यांतच लिहायला बसलो.

नवा लेख, दोन पानं. वरती लिहिलं: ऐकण्याचं ठिकाण परळी वैजनाथ, औष्णिक केंद्र चालू. मग चूक, सरळ, लपवाछपवी न करता. मग पहिला नंबर बाईचा, या ठिकाणी, या लोडवर. संच बंद असताना काय ते सांगू शकत नाही, कारण तसा एकच ऐकलाय. आणि खाली एवढंच: शांत खोली सगळ्यांकडे नसते. ज्यांच्याकडे नाही ते ऐकायचं सोडत नाहीत. त्यांच्यासाठी कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं, हेही कुणीतरी सांगायला हवं. मी सांगतो.

पाठवला.

बुध., २० ऑगस्ट

लि.बाईंचा मेल. दोनच ओळी. नवा लेख "अंकाच्या प्रकृतीला मानवणारा" नाही. पहिलाच जाऊ द्यावा, हवं तर शांततेबद्दलचा मजकूर थोडा सौम्य करू.

लगेच उत्तर: पहिला लेख चुकीचा आहे. तो छापलात तर त्याच्याविरुद्ध पहिलं पत्र माझंच येईल, आणि ते मी कापू देणार नाही. दुसरा छापा, नाहीतर जागा कोरी सोडा. आणि ते राखेचं कोण म्हणालं होतं त्यांना सांगा, बरोबर होतं तुमचं. राखेतूनच ऐकतो. या एकदा, तुम्हीही ऐका.

सलीमला वाचून दाखवलं. "लई झालं बे," म्हणाला. मग म्हणाला, "न्हाई, राहू दे."

रात्री झोपण्याआधी दोनदा मेल उघडून पाहिला, लि.बाईंचा नव्हता.

शुक्र., २२ ऑगस्ट

पोळा. सकाळपासून फोनकडे बघतोय. संध्याकाळी अंक छपाईला जाणार. कोणता लेख जाणार, जाणार की नाही, माहीत नाही. माझं नाव परत कधी छापून येईल का, तेही नाही. पुरणपोळी खाल्ली. गोड लागली, आठवड्यात पहिल्यांदाच.

चार वाजता बाईचं रेकॉर्डिंग लावलं. आता कुणासाठी नाही. संथ भाग सुरू झाला आणि बाहेरच्या खोलीत फोन वाजला. उठणार होतो, तेवढ्यात मंदानं उचलला. मला सगळं ऐकू येत होतं.

"कोण? लिमयेबाई का? हां, हाईत घरात... न्हाई, आता न्हाई उठायचे. ऐकायलेत ते... हो, प्लांट चालूच हाय. तरी बी ऐकायलेत. अर्ध्या तासानं करा."