जळक्या रणगाड्याचा सत्कार

प्रिय दादा,

हे पत्र आहे, व्हॉट्सअ‍ॅप नव्हे. अंगठा दाखवून सुटता यायचं नाही, शेवटपर्यंत वाचावं लागेल. गेले पाच दिवस मी तुझे फोन उचलले नाहीत ते काही कामात होते म्हणून नाही. माझं डोकं इतकं फिरलंय की परवा लॅबमध्ये एका बाईच्या कृत्रिम दाताला भलतीच छटा दिली. पंधरा वर्षं दात रंगवतेय, असं कधी झालं नव्हतं. आणि तू वहिनीला काय म्हणालास? मंडळात माझं कौतुक झालं की सुमीच्या पोटात दुखतं! वहिनीनेच सांगितलं मला, साधेपणाने. धन्य आहे तुझी.

आई गेल्यावर आप्पा इकडे आखातात माझ्याकडे अल नहदाला आले, कारण तुझ्या मरीनाच्या फ्लॅटमध्ये पांढरा सोफा आहे आणि आप्पा चहा बशीत ओतून पितात. बरं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आप्पा इथे असतात म्हणूनच डिसेंबरात एका शनिवारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी फावल्या वेळात छोट्या गाड्या, विमानं रंगवते, ते तुला माहीत आहे. "खेळणी" म्हणतोस तू त्यांना. आप्पांनी विचारलं, माझा रणगाडा करशील का? आणि म्हणाले, नवा नको, जळलेला कर.

एकाहत्तरच्या लढाईत आप्पा रणगाड्यावर तोफची होते आणि त्या रणगाड्याबरोबर त्यांचा ड्रायव्हर केरू जळाला, एवढंच आपल्याला ठाऊक. केरूच्या धाकट्या भावाला, खटावच्या बाबाजींना, आप्पा दर संक्रांतीला फोन करतात आणि त्या दिवशी जेवत नाहीत. का जेवत नाहीत, हे ना तू विचारलंस ना मी.

अडीच महिने लागले, दादा. सुट्या भागांचं किट जोडणं चार दिवसांचं काम, खरी मेहनत ती जळकेपणाची. आधी सगळ्याला गंजाचा रंग दिला. मग तो ओला करून त्यावर स्वयंपाकघरातलं जाडं मीठ टाकलं, वर हिरवा रंग फवारला आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढलं, की पोपडे उडाल्यासारखा खालचा गंज दिसतो. मला वाटलं झकास जमलंय. आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि एकेक चूक काढायला लागले. एवढा तांबडा गंज पावसाळे खाल्लेल्या लोखंडाचा असतो म्हणे, दुसऱ्या दिवशीचा फिका असतो, नारिंगी. आग सगळ्यात कडक लागते तिथे काळं राहत नाही, राखेसारखं पांढरं पडतं. काजळी फक्त झाकणांच्या वर, जिथून धूर निघाला तिथे. चाकांचं रबर जळून जातं, म्हणून गाडी एका अंगाला बसते. सकाळची बीपीची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली हे ज्यांच्या लक्षात राहत नाही, त्यांना चौपन्न वर्षांपूर्वीची राख आठवत होती! मी तीन वेळा रंग खरवडला. चिडलेसुद्धा त्यांच्यावर. आता त्याची लाज वाटते.

एका गोष्टीवरून मात्र घरात रोज चोरून भांडण चालायचं. वरचा फिरता भाग, टरेट म्हणतात त्याला, मी जरा उजवीकडे वळवून तोफ वर उचलून ठेवायचे. दिसायला छान दिसतं. सकाळी पाहावं तर तोफ पुन्हा समोर, खाली मान घालून, बरोब्बर ड्रायव्हरच्या झाकणावर. मला वाटलं अस्मीचे उद्योग, तिला झापलं. ती म्हणाली, मम्मा, आय डिडन्ट टच इट, इट्स क्रीपी. पाचव्या दिवशी आप्पाच म्हणाले की मी फिरवतो. आणि मग पलंगावर बसून त्यांनी सांगितलं. त्या रणगाड्याची तोफ खाली झुकून तिथे थांबली की ड्रायव्हरचं झाकण उघडत नाही. तोफ आप्पांच्या हातात होती. गोळा लागला तेव्हा ती आप्पांनी वळवली होती तिथेच होती. वरून तिघे बाहेर पडले. आत तोफ हाताने फिरवायचं एक हँडल असतं, दहा-बारा वेळा फिरवलं असतं तर झाकण मोकळं झालं असतं. हे आप्पांना त्या क्षणीही माहीत होतं. त्यांनी उडी मारली. वीस वर्षांचे होते रे.

मी उठले. टरेट ते म्हणतील तसा ठेवला आणि पक्का चिकटवला. मे महिन्यात सुट्टी काढून, हा रणगाडा घेऊन आम्ही खटावला जाणार होतो. बाबाजींसमोर तो ठेवून आप्पा सगळं सांगणार होते. नुसतं तोंडाने मला जमणार नाही, म्हणाले, बोटाने दाखवता आलं पाहिजे.

आणि तू काय केलंस? पाडव्याच्या कार्यक्रमात छंदांचं प्रदर्शन आहे म्हणून, मी आप्पांना डोळे तपासायला घेऊन गेले असताना, अस्मीच्या हातून रणगाडा उचलून नेलास. विचारलंस मला? म्हणे, यल्ला, चला, सरप्राइज! खोक्यातून काढल्यावर तुला त्याच्यावर धूळ दिसली. वाळवंटात राहून राहून आपल्याला सगळीकडे धूळच दिसते. ओल्या वाइपने पुसलास तू तो! माझी काजळी, आप्पांची राख, सगळी पुसून लखलखीत. तोफेने मान टाकलेली फोटोत बरी दिसेना म्हणून टरेट कडकन मोडून वळवलास. आणि जळलेला रणगाडा आपला कसा असेल, या तुझ्या शहाणपणातून पुढे पाटी लावलीस: आप्पांनी उडवलेला शत्रूचा रणगाडा.

एवढ्यावरही थांबला नाहीस. हॉल गच्च भरलेला, आप्पांचं नाव पुकारलं, शाल, श्रीफळ, भारतमाता की जय. ज्या गाडीत केरू गेला तीच गाडी शेजारी ठेवून, ती उडवल्याबद्दल त्यांचा सत्कार! आप्पा पाटी वाचत होते तेव्हा त्यांचं तोंड पाहिलंस का तू? नाही पाहिलंस, तू व्हिडिओ काढत होतास. आणि मी? मी तिसऱ्या रांगेत बसले होते, मला सगळं कळत होतं, आणि शेजारच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या तशा मीही वाजवल्या. माझ्या हातांचा मला अजून राग येतो.

तो व्हिडिओ तू ग्रुपवर टाकलास, तिथून कुणाकुणाकडून तो खटावला पोचला. दुसऱ्या दिवशी बाबाजींचा फोन आला. रडत होते. म्हणाले, तुम्ही आमच्या केरूचा बदला घेतलात आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत, केवढं मोठं मन तुमचं. आप्पा नुसते हो हो करत राहिले. फोन ठेवला आणि म्हणाले, खलास, आता नाही जायचं खटावला. तेव्हापासून ते सकाळी उठतात, दाढी करतात आणि खिडकीशी बसून राहतात. रणगाडा मी परत आणला, तर त्याच्याकडे बघत नाहीत.

तुला माहीत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण माहीत करून घ्यायला काय झालं होतं? आप्पा काही सांगायला लागले की तू, जाऊ द्या हो आप्पा, कशाला त्रास करून घेता, म्हणत विषय बदलतोस. ते तुला प्रेम वाटतं. मी सांगते, ते प्रेम नाही, तुला ऐकवत नाही म्हणून तू त्यांचं तोंड बंद करतोस. आत्तापर्यंत असंच करत आलायस.

आज सकाळी आप्पा आपण होऊन बोलले, म्हणून हे पत्र. शनिवारी अकरा वाजता माझ्या घरून ते बाबाजींना व्हिडिओ कॉल करणार आहेत. रणगाडा पुसलेला, मोडलेला आहे तसाच समोर ठेवणार आहेत. आपण दोघांनी शेजारी बसायचं. फोन नको करू, म्हणाले, सुजीत तुला मध्येच गप्प करेल, त्याला लिहून कळव. तू ये. पण बाबाजी ओरडले, शिव्या दिल्या, तरी मध्ये पडायचं नाही, आणि फोन काढून घ्यायचा नाही. एक गोष्ट आप्पा बाबाजींना सांगणार आहेत, ती तू तिथे पहिल्यांदा ऐकू नयेस म्हणून आत्ताच लिहिते. केरू लगेच गेला नाही. आप्पा बाजूच्या चरात पडून होते आणि तो आतून झाकण बडवत होता, बराच वेळ.

रागावलेली, पण तुझीच,
सुमी